एकावन्न तासांचे तीन जाहले त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असोत, यंत्रदेवता न कोपोत आणि वाचणारांच्या घरची वीज न जावो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाखमासीं एका राज्यांत ऐसें वर्तमान घडलें कीं, राजधानीची थोरली टाकी कोरडी पडली आणि नगरलोक हंडे घेऊन वेशीपाशीं भांडों लागले. मग पंपावरील चाकर हैबती पानसंबळ यांणीं शनिवारीं प्रातःकाळीं सहा वाजतां पंप सुरू केला. जोडीदार तापानें फणफणलेला, सबब एकटेच बसले, आणि पंपाचा आवाज बदलला कीं उठावें, आणि डोळा लागूं लागला कीं मिरची चावावी, ऐसें करीत सोमवारीं सकाळीं नऊ वाजतां टाकी कांठोकांठ भरली, तेव्हां पंप थांबविला.

राज्याचा शिरस्ता ऐसा कीं, आरंभाची व अखेरची तारीख आणि वेळ संगणकाच्या तक्त्यांत भरावी, वजाबाकी तक्त्यानें करावी, आणि तक्ता बोलेल तें वेदवाक्य मानावें. तक्त्यानें दाखविलें, तीन तास. जलखात्याचे अमात्य तें पाहून लाल जाहले आणि हैबतींस महाराजांच्या भर सभेंत आणवून बोलिले, "पंप तीन तास चालला. बाकी दोन दिवस झोपा काढल्यास. उद्यापासून पंप सोड आणि बागेत झारी धर."

वीस वर्षांचा पंप हातचा जाऊं लागला. परंतु हैबती मुकाट ऐकून घेणारा गडी नव्हे. म्हणाले, "सरकार, तीन तासांत ही टाकी माझ्या बापाच्यानंबी भरायची नाही. तक्ता खरा असंल तर टाकी खोटी म्हणा, अन् नळावरच्या बायांना तुम्हीच जाऊन तसं सांगा."

सभा शेल्याआड हसूं लागली. अमात्य म्हणाले, "टाकीला तारीख लिहिता येत नाही. तक्त्याला येते."

मग तक्तानवीस गोदूताई आगाशे चष्मा सांवरून पुढें जाहल्या आणि बोटांवर मोजिलें: शनिवार सहा ते रविवार सहा चोवीस, तेथून सोमवार सहा अठ्ठेचाळीस, वर तीन, एकूण एकावन्न. म्हणाल्या, "वजाबाकी बरोबरच आहे हो. पण मेल्याला घड्याळाची खोड लागली आहे. चोवीस भरले की दिवस गिळतो आणि उरलेले तास तेवढे दाखवतो." ऐसें बोलून दाखविण्याच्या सूत्रांत तासाच्या खुणेभोंवतीं चौकोनी कंस घातला, म्हणजे दिवस न गिळतां तास सलग दाखवावे ऐशी तक्त्यास ताकीद दिली, तों तिनाचे एकावन्न जाहले. आणि त्याच झपाट्यांत सभांचा तक्ताही दुरुस्त केला, तों अमात्यांची जी बैठक दोन तासांत आटोपली म्हणून नांवाजली होती, ती सव्वीस तासांची निघाली. अमात्य छताकडे पाहूं लागले.

महाराज बहुत संतोष पावले आणि म्हणाले, "हैबती, पंप तुझाच. वर काय पाहिजे तें माग."

हैबतींनीं मुजरा केला आणि म्हणाले, "महाराज, झोपेचा आळ आलाच हाये, तर तेवढा खरा करू द्या."

आणि तेथेंच सभेच्या जाजमावर आडवे जाहले. महाराजांनीं सभा पाय न वाजवितां उठविली. सोमवारीं दोनप्रहरीं बारा वाजतां निजले ते मंगळवारीं सायंकाळीं सहास उठले. गोदूताईंनीं नोंद केली, तक्त्यानें पुरते तीस तास दाखविले, आणि त्याखालीं खुद्द अमात्यांनीं सही करून "कमीच आहेत" ऐसा शेरा मारिला.

येणेंप्रमाणें नगरास पाणी मिळालें, हैबतींस पंप मिळाला आणि झोपही मिळाली. जाहलें तैसें लिहिलें.