भगवंतरावांची बारूदपारख

श्रीकृपेंकरोन जे घडले ते लिहितो. जे घडावयाचे राहिले तेही लिहितो, कारण या मोहिमेत तेच फार.

वऱ्हाडप्रांती मौजे डोणगाव. तेथे राजमान्य राजश्री भगवंतराव, तहसिलीतील माजी अव्वल कारकून, पदरी थोडका मका आणि वडिलोपार्जित एक ठासणीची भरमार बंदूक, परवाना पिकाचे रक्षणार्थ, ऐसे बाळगोन होते. भादव्यात कणसांत दूध भरले आणि रानडुकरांची फौज मुलुखात शिरली. मग त्यांचे कुटुंब अन्नपूर्णाबाई, ज्यांणी तो मका स्वहस्ते टोकिला होता, यांणी अर्ज गुदरला की, सांजसकाळ नुसता बिनछऱ्याचा बार काढावा, डुकरे आवाजानेच पळतात, मका वाचतो. अर्ज अगदी रास्त होता. म्हणोनच त्याचा विचार लांबला.

रावांस चाकरीची जुनी खोड, शेरा मारण्याआधी अभिप्राय मागवावे. बारूद कोणती भरावी, याजवर ओसरीत मसलत बसली. शेजारी गोपालराव कापूस घेऊन खामगावी जात. त्यांणी तेथील परवान्याचे दुकानची जाड दाण्याची बारूद दाखवोन सांगितले की, ही सबुरीने जळते, नळीस धोका नाही. याजवर रावांचे मेव्हणे वैजनाथ मास्तर, मौजे बीबीचे हायस्कुलात विज्ञान शिकवोन निवृत्त, यांणी बारीक दाण्याचा पक्ष घेतला की, जाडीने बार निघत नाही, फुसका निघतो. मग गोपालरावांणी बारकीने नळी फाटोन हात जाईल ऐसे भय घातले, आणि मास्तरांणी फळ्यावाचून तास घेतला, आणि चहा जाहला, आणि मास्तरांणी तोच तास फिरोन घेतला. राव मास्तरांस भीत आणि गोपालरावांस दुखवू धजत नसत. सबब उभय बारुदी विचाराधीन ठेवाव्या ऐसे फर्मान सुटले. इकडे बाई एकल्या बांधावर पत्र्याचा डबा बडवीत. डुकरे चार रोजांत डब्यास सरावली आणि वाजविणारीसही सरावली.

एके दिवशी बाई अर्धी कुरतडलेली कणसे पदरात घेऊन ओसरीत आल्या आणि दरबारापुढे ओतोन म्हणाल्या, "तुम्ही बारूद निवडा. तोवर डुक्कर कणसं निवडून राह्यले."

मग रावांणी हिंमत धरोन जाड बारूद मुक्रर केली, कारण मास्तर त्या दिवशी बीबीस गेले होते. परंतु घट बसले होते. खंडेनवमीस बंदूक पूजेस बसवावी, आणि पुजिलेले शस्त्र सीमोल्लंघनाखेरीज हलवू नये, हा वडिलांचा रिवाज; मग आदल्या दिवसांत तरी घाई कशास, ऐसे राव बोलले. बाईंणी कपाळास हात लाविला आणि डबा उचलला.

दसऱ्यास नळीस झेंडूची माळ घालोन राव बांधाकडे निघतात तो ठाण्याचा शिपाई हजर. निवडणुकीची आचारसंहिता लागली, परवान्याची हत्यारे तमाम जमा करावी. ऐसे हुकूम रावांणी चाकरीत असता स्वहस्ते ढिगाने लिहिले होते; वाचोन त्यांस आधी मसुद्याची तारीफ सुचली, मग मका आठवला. बंदूक माळेसहित ठाण्यात दाखल जाहली. मग सभा जाहल्या, मतदान जाहले, गुलाल उधळला, आणि डुकरांणी कोणाचीही संहिता न पाळता मक्याचे शेवटले ताट लोळविले.

बंदूक सुटोन येताच राव उभय सल्लागारांसह शेतात दाखल जाहले आणि जाड बारूद ठासोन बार काढिला. आवाज ऐसा बुलंद की मास्तरांणी कानांवर हात ठेविले आणि हार कबूल केली. रावांची छाती फुगली, आणि त्यांणी शाबासकीसाठी कुटुंबाकडे पाहिले. बाई आडव्या ताटांत उभ्या होत्या.

"बार झकास झाला," त्या म्हणाल्या. "आता त्याले भ्याले इथं कोन उरलं?"

राव खजील जाहले. तथापि दफ्तरी नोंद करणे प्राप्त, ती येणेंप्रमाणे: बारूद जाड, उत्तम ठरली. नळी शाबूत. मास्तर शिकस्त. रावांची फत्ते जाहली. मका नाही.