सव्वा मण राखीव

तात्या माणसं घोड्यांत मोजत. बदली होऊन मी भीमेकाठच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हा बैलगाडीतून माझी ट्रंक उतरायच्या आत त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि गाडीवानाला सांगितलं, "अर्धा घोडा. त्योबी शिंगरू." मग आमच्या मंडळींकडं पाहून म्हणाले, "ह्या मातर अडीच घोड्यांच्या हायती." या दुसऱ्या वाक्यामुळं तात्यांना आमच्या घरात कायमचा चहा सुरू झाला. पहिलं वाक्यही मंडळींना अजून पाठ आहे. गरज पडली की म्हणून दाखवतात.

चहा ते उभ्यानं पीत. बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. मळ्यात वांगी आणि गवार, घरात एकटा जीव, कमरेला साखळीचं घड्याळ. बोलता बोलता घड्याळ काढायचं, नदीकडं बघायचं, परत खोचायचं. बारामतीच्या बाजारात भाजी घालून आले, की रिकाम्या पाटीत इंजिनांची माहितीपत्रकं असत. मुंबईच्या कंपन्यांना पत्रं धाडून मागवलेली, झाडून सगळी इंग्रजी. मास्तर म्हणजे इंग्रजी येणारच असा गावाचा समज होता. मीही तो मोडला नाही.

एका पत्रकावर पांढऱ्या विजारीतला एक साहेब होता. त्याची बोट नाक वर करून पाण्यावरून उडत होती. तात्यांनी विचारलं, "ह्यो एवढ्या घाईनं कुठं निघालाय?"

मी मजकूर चाळून सांगितलं, कुठं नाही, हौस म्हणून.

"मग त्येला कशाला पायजे एवढं इंजिन?" तात्या खरोखर चिडले होते.

त्यांना स्वतःला कुठं जायचं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांची धाकटी बहीण अक्का पलीकडच्या काठाला दिलेली. रोज दिसायचं ते गाव, पण नागपंचमीला अक्का माहेरी येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. श्रावणात भीमा फुगली की नाव बंद. वळसा घालून बसनं यायचं तर जायला एक दिवस, यायला एक. आणि सासूची अट अशी, की सकाळी जायचं आणि दिवे लागायच्या आत परत. तात्या दर वर्षी मळ्यातल्या लिंबाला झोका बांधत आणि संध्याकाळी सोडून ठेवत.

म्हणून इंजिन हवं होतं, तेही भर पुरात धार कापणारं आणि एका दिवसात दोन फेऱ्या करणारं. चावडीवर सल्ले मिळत. विहिरीवरचं ऑइल इंजिन उचल आणि ठेव नावेत, असं बहुतेकांचं मत. तात्या म्हणत, "ती म्हस हाय. वढतीया लई, पळत न्हाय." पत्रकांतली इंजिनं पळणारी होती, पण ती साहेबाच्याच आवाक्यातली. शेवटी पुण्याला लष्करी लिलावात एका जीपचं इंजिन मिळालं. हलकं, तापट, थेट तात्यांसारखं. पुढचा महिना नावेच्या मागं पाण्याखाली पंखा लावावा की बाजूला चाक, या घोरात गेला. चाक उथळ पाण्यात चालतं, पंखा खोल पाण्यात पळतो. तात्या रात्रंदिवस नदीकाठी येरझाऱ्या घालत. अखेर म्हणाले, "पुरात उथळ कुठं असतंय?" पंखा ठरला.

मग वजनाचा हिशेब. नाव, इंजिन, तात्या, आणि मी. (पत्रक वाचणारा माणूस बोटीत हवाच, असा त्यांचा आग्रह. मला पोहता येत नाही, हे मी इंग्रजीइतकंच गुप्त ठेवलं होतं.) मधली फळी मात्र सव्वा मणासाठी राखीव. तिथं कुणी पाय ठेवला तरी खेकसत.

"अक्का," ते म्हणाले. "लगनाच्या वर्षी गुळाच्या काट्यावर बसवली हुती, गमतीनं. सव्वा मण भरली."

त्या फळीवर सव्वा मण ज्वारीचं पोतं ठेवून, आम्ही दोघं नावेत चढून, पाणी नावेला जिथं टेकलं तिथं तात्यांनी बैलगाडीच्या रंगानं लाल रेघ ओढली.

पहिल्या चाचणीला गाव लोटलं. इंजिन गरजलं आणि नाव झपाट्यानं मागं जाऊन डुंबणाऱ्या म्हशींत शिरली. पंख्याच्या पट्ट्याला पीळ घालायचा राहिला होता. पीळ घातला की चाक उलटं फिरतं, हे पंपावरच्या कुठल्याही गड्याला ठाऊक असतं. पण पत्रकातल्या आकृतीवरून पट्टा मी सांगितला होता. तात्या शेपटाचे फटकारे चुकवत म्हणाले, "मास्तर, आजपून पाव घोडा."

नागपंचमीला पूर ओसरता होता, तरी धार होतीच. मी डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा आम्ही पलीकडं, काठातल्या एका निवांत खोबणीत होतो. एवढं पळणारं इंजिन मी पुन्हा पाहिलं नाही. म्हणजे तेव्हाही पाहिलं नाहीच.

अक्का डोक्यावर पदर घेऊन वाट बघत उभीच होती. हसत येऊन मधल्या फळीवर बसली. तात्या सवयीनं वाकले, नावेची कड बघितली आणि तसेच राहिले. लाल रेघ पाण्याच्या वर होती. फार नाही, करंगळीभर.

त्यांनी आधी मला विचारलं, "मास्तर, तुमी वाळलाय काय?"

मी उलट फुगलो होतो; मंडळींचा हात सढळ होता. तसं सांगितलं. मग ते अक्काकडं बघत राहिले. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"दादा, इंजिन कवा सुरू करतूस?" अक्का म्हणाली. "मला दिवं लागायच्या आत परत यायचंय."

"व्हय," तात्या म्हणाले. वाटेत त्यांनी घड्याळ काढलं नाही.

दुपारी अक्का पोटभर जेवली आणि झोक्यावर बसली. चार वाजता तात्या तिला परत सोडायच्या तयारीला म्हणून नदीवर गेले, मागोमाग मी. त्यांनी इंजिनाचा प्लग काढला, पुसला आणि बंडीच्या खिशात टाकला. मग पाना घेऊन एकेक भाग सोडवला आणि पांढऱ्या धोतरावर, पलीकडून नीट दिसेल असा मांडला. दिवे लागायच्या सुमारास पलीकडं अक्काचे यजमान येऊन उभे राहिले. तात्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. बिघडलं.

इंजिन आठ दिवस बिघडलेलं होतं. मंडळी रोज अक्कासाठी काहीतरी तळून पाठवत. चावडीवरची माणसं मुद्दाम नदीवर येत. "तात्या, किती घोड्यांचं म्हणला हुतास?"

त्या इंजिनाला कुणी नावं ठेवली तर भाजीची पाटी फेकून मारणारा हा माणूस. एक नट पुसत म्हणाला, "घोडं कसलं? निव्वळ गाढव हाय."

मळ्यातून झोक्याची दोरी करकरत होती. तात्यांनी कान तिकडं लावला होता आणि चक्क मांडी घालून बसले होते.