अशोकभाऊंची परात

आमच्या गल्लीत कणीक मळायला परात सापडली नाही, की बायका आधी अशोकभाऊंच्या गच्चीकडे पाहतात. धाड गावातले हे निवृत्त वायरमन माझे शेजारी. वायफायच्या राउटरमागे परात उभी केली, की रेंज एकाच दिशेला लांब फेकली जाते, हे त्यांना कुठूनतरी कळलं आणि माझ्या दुपारच्या झोपेचं वाटोळं झालं.

आधी तेलाचा पिपा कापून झाला, मग कुकरचं झाकण, मग खुराड्याची जाळी. कोंबड्या आठवडाभर गावभर फिरल्या. शेवटी आमची परात गेली, माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेली. ती धरायला अर्थात मीच.

"मास्तर, दोन बोटं डावीकडं."

दोन बोटं हे त्यांचं एकमेव माप. चहा दोन बोटं, मिशी दोन बोटं, आणि माझं चुकतं तेही दोन बोटांनीच.

परवा मी वैतागलो. "भाऊ, घर इकडं, अन् रेंज नाल्यापलीकडं काऊन फेकून राह्यले? सांगा, नाहीतर हे घ्या," म्हणून परात खालीच ठेवली.

त्यांनी खिशातला टेस्टर काढून पुसला. मग म्हणाले, "तिकडं विनायक पडला हाये. पाय मोडून."

विनायक त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद.

"त्याले शंकरपट पाह्यल्याबिगर करमत नाही, अन् आज शर्यतीत त्याचीच बैलजोडी हाये. बैल धावतानी मोबाइलवर तरी पाहीन म्हनते, तं खोलीत रेंज नाही."

"मग भेटून या ना."

"तो बोलत नाही, तं मी कसा बोलू?"

"अन् त्याले समजन कसं?"

"वायफायले मायचं नाव देलं. कौसाबाई. पासवर्ड नाही ठेवला. घरच्याले कुठं पासवर्ड असते?"

मी परात पुन्हा उचलली.

दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे करता करता तास गेला. आणि एकदम नाल्यापलीकडच्या विनायकच्या खिडकीतून बैल हाकणाऱ्यांचा आरडाओरडा ऐकू आला. मध्येच अडकला, पुन्हा सुरू झाला. अशोकभाऊ कठड्याला धरून उभे होते. माझे दंड भरून आले होते.

"भाऊ, ठेवू का आता?"

"हलू नोका, मास्तर," ते पाठमोरेच म्हणाले. "त्याची जोडी धावून राह्यली."