मिनिटाला एकदा चिमणी

लेकीने पाठवलेली दोन यंत्रं घरात आपणच बसवायची, मिस्त्रीला बोलवायचं नाही, असा निर्णय सरांनी मंगळवारी सकाळी चहा पिताना घेतला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. पस्तीस वर्षं त्यांनी तर्कशास्त्र शिकवलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल ते खात्रीने बोलू शकत, फक्त स्वतःबद्दल नाही. घराला कुलूप लावून निघाले की ते तीनदा परत येत. एकदा कुलूप ओढून बघायला, दुसऱ्यांदा आपण ओढल्यामुळे ते उघडलं तर नाही ना हे बघायला, आणि तिसऱ्यांदा विसरलेली छत्री न्यायला.

गेल्या महिन्यात त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि एका शब्दाची व्युत्पत्ती बघायला शब्दकोश उघडला. व्युत्पत्ती सापडली. पातेलं मात्र ओळखू येईना. घरभर धूर झाला, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची बायको फोनवर लेकीशी बोलत होती, त्यामुळे लेकीने सगळा प्रसंग थेट ऐकला.

"बाबा, पुरे झालं. आता दोघं माझ्याकडे राहायला या."

लेकीचं घर अकराव्या मजल्यावर होतं. तिथे सगळं छान होतं, पण खिडक्या उघडत नसत आणि पुस्तकांना एक फळी मिळणार होती. सरांची पुस्तकं एकवीस फळ्यांवर होती. (एकवीस की बावीस, हे त्यांनी दोनदा मोजलं होतं.) बायकोची तीसेक झाडं खिडकीत होती. शेवटी तह झाला. लेक दोन यंत्रं पाठवणार, एक धुराचं आणि एक विषारी वायूचं. पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी ती स्वतः येऊन बघणार. यंत्रं नीट बसली असतील आणि नीट चालत असतील, तर आईबाबा तिथेच राहतील. नसतील तर सामान भरायचं, त्यासाठी ती खोकी घेऊनच येणार होती.

बाई म्हणजे सरांची बायको. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. सगळी गल्ली तिला बाई म्हणे. लांबून कुणी खोकलं तरी घसा कुणाचा आहे हे ती सांगत असे.

सरांनी माहितीपत्रक लाल पेन्सिल घेऊन वाचलं. बेचाळीस पानं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका निघाल्या, त्या त्यांनी दुरुस्त केल्या. धुराचं यंत्र स्वयंपाकघरात नको, कोपऱ्यात नको, पंख्याजवळ नको, खिडकीजवळ नको, न्हाणीघराच्या दाराशी नको. सरांनी घराचा नकाशा काढला आणि एकेक जागा खोडत गेले. शेवटी दोन खोल्यांमधल्या बोळात, छताला, बशीएवढी जागा उरली. घरातली तेवढीच निष्कलंक जागा.

"आणि हे दुसरं कशाला?" बाईने विचारलं.

"कार्बन मोनॉक्साइड. गॅस नीट जळला नाही, धूर बाहेर जायला वाट नसली, की तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो दिसत नाही, ऐकू येत नाही."

"दिसत नाही, पण असतो?"

"असतो."

"बरं," बाई म्हणाली. "लक्षात ठेवते." (हे वाक्य सरांना पुढे महाग पडणार होतं.)

वायूचं यंत्र झोपण्याच्या खोलीत, झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर लावावं, असं माहितीपत्रकात होतं. आता झोपलेला माणूस म्हणजे कोण? आडवा की कुशीवर? उशी एक की दोन? सरांना अंदाज पसंत नव्हता. त्या दुपारी बाईचा डोळा लागल्यावर ते मोजपट्टी घेऊन पलंगाशी उकिडवे बसले आणि पट्टीचं टोक हळूच तिच्या नाकाला लावलं.

बाईने डोळे उघडले.

"अहो, काय चाललंय?"

"हलू नकोस. एकसष्ट सेंटिमीटर."

"काय एकसष्ट?"

"तुझं नाक."

बाई उशी घेऊन ओसरीत जाऊन झोपली, पण यंत्र बरोब्बर एकसष्ट सेंटिमीटरवर बसलं. त्याच्या आत दहा वर्षं चालणारी सीलबंद बॅटरी होती, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायला नको होतं. बोळातल्या यंत्रात मात्र साधी बॅटरी. सरांनी काठीच्या टोकाने त्याचं बटण दाबून बघितलं. बाईच्या हातातला कप निसटला. तिने दोन्ही कानांवर हात दाबले आणि खिडकीतली कबुतरं उडाली.

"जरा मंजूळ वाटतो, नाही?" सर म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

सरांना तो आवाज तीन घरांपलीकडे कुणीतरी बेल वाजवावी तसा आला होता. गजर एवढा सौम्य कसा? की यंत्रच कमकुवत निघालं? खात्री करायला हवी. दुसऱ्या दिवशी बाई भाजीला गेल्यावर त्यांनी बटण पुन्हा दाबलं. आवाज कालच्यापेक्षा किंचित कमी वाटला. म्हणून परत दाबलं. मग त्यांनी एक वहीच केली. तारीख, वेळ, आवाज, शेरा. "सकाळी १०.१०, आला. १०.१२, आला, परंतु मंद. १०.१३, साशंक." लेक आली की ही वही तिच्यापुढे ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. वहीवाचून विश्वास कोण ठेवणार?

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, जेवताना, बाई घास हातात धरून थांबली.

"चिमणी."

"कुठे?"

"घरात कुठेतरी अडकलीय. चिवकन ओरडली. एकदाच."

सरांनी कान दिला. काहीच नाही. मिनिटभराने बाई पुन्हा म्हणाली, "बघा."

सर उठले, सगळ्या खोल्या फिरले, पडदे झटकले, आणि परत येऊन पाटावर बसून तर्क मांडला. "घरात चिमणी असती तर दिसली असती. चिमणी दिसत नाही. म्हणून घरात चिमणी नाही."

"तुमचा निळा मोजा महिनाभर दिसत नाहीये. म्हणून मोजा नाही?"

"मोज्याची गोष्ट वेगळी."

"आणि तो तुमचा वायू? त्याला रंग नाही, वास नाही, तरी असतो. माझी चिमणी तेवढी दिसली पाहिजे!"

सर उठले आणि पडदे पुन्हा एकदा झटकून आले.

गुरुवारी चिमणी होती. शुक्रवारीही होती. ती मिनिटाला एकदा ओरडे, असं बाई घड्याळ लावून सांगू लागली, आणि सर हिशेब करू लागले. मिनिटाला एकदा, नियमाने, कुठला पक्षी ओरडतो? ही हळूहळू नसलेले आवाज ऐकू लागली आहे! रविवारी लेक येणार. तिच्या कानावर हे गेलं, तर खोकी तर आलीच, वर डॉक्टरही. सरांनी रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला आणि एक निर्णय घेतला. बाईला एकटं पाडायचं नाही. आपल्यालाही ऐकू येतं असं म्हणायचं.

"ऐकलीस?" दुपारच्या चहाला ते मोठ्या उत्साहाने म्हणाले. "ओरडली बघ!"

"आत्ता?"

"आत्ताच. अगदी स्पष्ट."

बाईने कप खाली ठेवला. त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तिने त्यांच्या ताटलीत आपलं एक बिस्कीट ठेवलं. सरांना फार बरं वाटलं. बिचारीला धीर आला, असं त्यांना वाटलं.

शनिवारी बाईने मिस्त्रीला फोन केला. सर शेजारीच बसले होते, आणि फोन स्पीकरवर होता.

"आमच्या घरात चिमणी सारखी आवाज करतेय. जरा येऊन बघता?"

"कुठल्या कंपनीची, मावशी?"

"कंपनीची कसली? साधी. करडी असेल."

"म्हणजे जुनं मॉडेल. आवाज कधीपासून?"

"बुधवारपासून. खाणं नाही, पिणं नाही बिचारीला."

"तेल द्यावं लागेल."

"तेल? चिमणीला? मी वाटीत पाणी ठेवलंय."

"पाणी अजिबात नको! मोटर जळेल!"



"मावशी," मिस्त्री सावकाश म्हणाला, "ती उडणारी चिमणी म्हणताय, की गॅसच्या वर बसवलेली, धूर ओढणारी?"

"उडणारी हो! पण तुम्ही म्हणता तसं, त्या चिमणीच्या पाइपातूनच आत आली असेल."

"असं बोला ना! चिमणीत चिमणी!" मिस्त्री खूश झाला. "उद्या सकाळी येतो."

रविवारी सकाळी दोघांच्या अंघोळी आटोपल्यावर मिस्त्री आला. त्याने स्वयंपाकघरातली चिमणी सुटी करून ओट्यावर पसरली. आत पक्षी नव्हता. एवढ्यात तोही थबकला. "आला आवाज! मलापण आला!" सरांनी त्याच्याकडे दयेने बघितलं. आता दोघं झाले. मिस्त्रीने मागच्या भिंतीला शिडी लावली, अर्धा तास खुडबुड केली आणि हात झटकत खाली उतरला.

"बाहेर दोन पाइप निघालेत. कुठल्यातून येते कोण जाणे, म्हणून दोन्हींत गोणपाट ठासून कोंबलंय. आता चिमणी काय, मुंगी शिरणार नाही."

दुसरा पाइप न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरचा होता. त्याचा धूर त्या वाटेने बाहेर जात असे. हे मिस्त्रीने विचारलं नाही, बाईला सुचलं नाही, आणि सर त्या वेळी वहीत समास आखत होते.

तीन वाजता लेक आली. दाराशी चार घडी केलेली खोकी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, दाखवा."

"प्रात्यक्षिक पाच वाजता," सर म्हणाले. "तू आधी ताजीतवानी हो."

लेक केस धुवायला गेली. गीझर सुरू झाला. बाई स्वयंपाकघरात पसरलेली चिमणी कशीबशी झाकू लागली. सर झोपण्याच्या खोलीत गेले, पलंगावर बसले आणि एकसष्ट सेंटिमीटरवरच्या यंत्राकडे शेवटची नजर टाकली. यंत्राचा तांबडा दिवा भराभर लुकलुकत होता. एरवी तो इतका उत्साही नसे. सरांचं मन भरून आलं. आज नेमकी लेक आलेली, आणि यंत्र असं जोमात! त्यांनी वही उघडून लिहिलं, "३.२५, दिवा उत्तम."

मग खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात बाई होती, श्वास रोखलेली, गाल फुगवलेले, डोळे मोठे. तिने सरांचा दंड धरला आणि ओढलं.

"अगं, थांब, प्रात्यक्षिक पाच वाजता आहे."

बाईने ऐकलं नाही. सरांना वहीसकट, एका पायात चप्पल अशा अवस्थेत तिने बोळातून, ओसरीतून थेट रस्त्यावर आणलं आणि मग कुठे श्वास सोडला. रस्त्यावर लेक उभी होती. अंगावर आईचा गाऊन, डोक्यावर शांपूचा फेस. तिने निघताना गीझर बंद केला होता आणि गॅस कंपनीला फोनही लावला होता.

"बाबा!" ती ओरडली. "अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय! तुम्ही त्याच्या शेजारी बसला होतात!"

समोरच्या गच्चीवर खरंच माणसं जमली होती. सरांनी घराकडे बघितलं. त्यांना तीन घरांपलीकडे कुणीतरी बेल वाजवत असल्यासारखं वाटलं. चार ठोके. थांबा. चार ठोके.

त्यांना एकदम सगळं कळलं, आणि तर्कशास्त्राच्या माणसाला इतक्या उशिरा कळावं याची लाज वाटली.

गॅस कंपनीचा माणूस आला, हातातलं मीटर पुढे धरून आत गेला, दारंखिडक्या सताड उघडल्या, शिडी चढला आणि हातात गोणपाटाचा बोळा घेऊन परतला.

"गीझरच्या पाइपात हे कुणी घातलं?"

"चिमणी येत होती," बाई पुटपुटली.

"यंत्र नसतं तर..." तो लेकीकडे बघून थांबला. "वेळेवर ओरडलं म्हणायचं." हवा मोकळी झाल्यावर त्याने सगळ्यांना आत घेतलं. बोळातून जाताना तो थांबला आणि छताकडे बोट केलं. "ही घ्या तुमची चिमणी. बॅटरी संपत आली की मिनिटाला एकदा चिवचिवतं. नवीच दिसतेय, इतक्यात कशी संपली?"

लेकीने सरांच्या हातातली वही घेतली. बारा दिवसांत एकशे अठ्ठ्याण्णव चाचण्या. शेवटच्या चाळीसपुढे एकच शेरा होता, "साशंक."

"बाबा, खरं सांगा. ऐकू येत नाही ना?"

"मला वाटलं, तुझी आई नसलेले आवाज ऐकतेय," सर हळूच म्हणाले. "तुला कळू नये म्हणून मी..."

"आणि मला केव्हाच कळलं होतं, तुम्हाला असलेलेही येत नाहीत," बाई म्हणाली. "तिला कळू नये म्हणून मी गप्प."

सर खुर्चीत बसले. एकवीस फळ्यांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. "खोकी उघड," ते लेकीला म्हणाले. "ठरल्याप्रमाणे. यंत्रं चालली, मी चाललो नाही."

लेकीने डोक्यावरचा वाळलेला फेस खरवडला. खोक्यांकडे बघितलं, मग आईकडे बघितलं.

"यंत्र चाललं. आई परत आत गेली, तुम्हाला ओढून आणलं. पुन्हा असं आत जायचं नाही हं, आई! म्हणजे बाबांना आधी ऐकू यायला हवं. बाबा, कानाचं मशीन लावणार असाल, तर राहा इथेच."

खोकी रिकामीच परत गेली. (एक ठेवून घेतलं, त्यात बाईने कुंडी ठेवली.)

कानाचं मशीन आलं. सरांना घड्याळ ऐकू येऊ लागलं, स्वतःची चप्पल ऐकू येऊ लागली, बाई त्यांच्याबद्दल फोनवर काय बोलते तेही. दोन आठवडे सुखाचे गेले. मग एका दुपारी, पेपर वाचताना, त्यांनी मान वर केली.

चिव.

सरांचा आनंद गगनात मावेना. आपल्याला आधी! ते स्टुलावर चढले, बोळातल्या यंत्राची बॅटरी बदलली आणि विजयाने खाली उतरले. चिव. झोपायच्या खोलीत गेले. तिथेही चिव. ओसरीवर, न्हाणीघरात, थेट फाटकापाशी जाऊन उभे राहिले. चिमणी सोबतच होती.

ते परत आले. बाई झाडांना पाणी घालत होती.

"तुला चिमणी ऐकू येतेय?"

"नाही."

"आत्ता? ही काय आत्ता!"

"नाही हो."

सर गंभीर झाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लाजायचं काही कारण नाही. आपल्या वयात होतं. उद्याच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो ना बरोबर."

बाईने झारी खाली ठेवली, हात पुसला, त्यांच्या कानातलं मशीन अलगद काढलं आणि क्षणभर आपल्या कानाशी धरलं.

"अहो," ती हसत म्हणाली, "या चिमणीची बॅटरी संपत आलीय."

"काय?" सर म्हणाले.