फाटकावरची खोली

मे महिन्यात बारामतीत एखाद्या घरी गेलात, घरात लाईट आहे आणि तरी पंखा बंद आहे, तर खुशाल समजा की ते घर आमच्या शेजारच्या तात्यांचं आहे. रंगाचा हात ओला असताना पंखा लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा. मी गणिताचा निवृत्त मास्तर, अंगानं भरलेला. तिथं चहाला बसलो की उठताना प्लास्टिकची खुर्चीही माझ्याबरोबर उठते. कुरकुर केली की तात्या म्हणतात, "मास्तर, घाम पुसता येतो. रंगात बसलेली धूळ न्हाय पुसता येत."

तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर त्याच्या साच्यासाठी आधी तो हुबेहूब लाकडाचा करावा लागतो. ते काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, तात्यांनी खेळण्यातल्या रेल्वेची घरं करायला घेतली. 'खेळण्यातल्या' हा शब्द माझा. त्यांच्यासमोर काढलात तर चहा मिळणार नाही.

कुरिअरनं खोकं येतं. आत पुठ्ठ्याइतक्या पातळ लाकडी भिंती, खिडक्या, दारं सुटी कापलेली. खोक्यावर परदेशी स्टेशनाचं चित्र, छपरावर बर्फ. तात्या पहिल्यांदा धुराडं काढून टाकतात. मग सीलर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर. "लाकूड तहानलेलं असतं. आधी त्याची तहान भागवा, मग रंगाचं बघू." सीलर दोन्ही अंगांना लावायचा, नाहीतर पातळ फळी पापडासारखी वळते. वाळली की पॉलिश पेपर, पुन्हा सीलर, पुन्हा पेपर. गुळगुळीत झालं का ते गालावर घासून बघतात. एकदा तुलनेला म्हणून माझा ताजी दाढी केलेला गाल चाचपला आणि अजून एक पेपर मारायला पाहिजे म्हणाले.

अशी एकोणीस घरं झाली. स्टेशन, मालधक्का, सिग्नलची केबिन, सगळं आहे. गाडी मात्र एकही नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "गाडी दोन मिनिटं थांबती न जाती. घरं ऱ्हात्यात."

गेल्या वर्षी विसावं घर सुरू झालं आणि तात्यांचं काहीतरी बिनसलं. ते एका खोलीचंच होतं, पण महिनाभर पुढं सरकेना. खोक्यातलं छप्पर पसंत पडेना म्हणून स्वतः कापलं, तर ते भिंतींवर बसेना. आम्ही दोघांनी डोकं खाजवलं. शेवटी उलगडा झाला. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्यांची पट्टीच मुळात जरा वाढीव मापाची असते. तात्यांनी सवयीनं तीच पट्टी वापरली होती. सुमनवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, घर काय ओतायचं हाय व्हय?" मी हसून हसून दमलो. तात्या हसले नाहीत.

त्यांनी मला बाहेर ओट्यावर नेलं आणि हळूच सांगितलं, "मास्तर, ही हिच्या बाची खोली हाय. फाटकावरची."

वहिनींचे वडील दौंडच्या लाईनीवर गेटमन. फाटकाशेजारच्या त्या एका खोलीत वहिनी वाढल्या. भाऊ नाही, शेत नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा खोली सुटली, पुढं फाटक गेलं तशी ती पाडलीही. फोटो एकसुद्धा नाही, तात्यांनाही ती नीट आठवत नव्हती. दिवाळीत आळीतल्या बायका माहेराला निघाल्या की वहिनी हसून म्हणायच्या, "मला दाखवायला एक वीट न्हाय बाई." हसून म्हणायच्या, पण तात्यांना ते लागायचं.

मग मीही कटात सामील झालो. तात्यांनी मेथी निवडताना विचारायचं, कौलं गावठी होती का मंगळुरी? मी चहा पिताना विचारायचं, रेल्वेच्या खोल्यांना रंग कुठला असायचा हो? पिवळा, खाली गेरूचा पट्टा. खिडकी एकच, रुळाच्या बाजूला. वहिनी वैतागायच्या, पाडलेल्या खोलीची चौकशी कशाला म्हणून. तात्या गुपचूप तिसऱ्यांदा पट्टा खरवडून काढायचे. "तिनं वळखलंच न्हाय तर?" एवढंच त्यांचं पालुपद. कारखान्यात एवढाले पॅटर्न पास करून घेतलेला माणूस, पण आता वहिनींची पावलं वाजली की खोली फडक्याखाली लपवायचा.

एका रविवारी सकाळी त्यांनी ती खोली टेबलावर मांडली आणि वहिनींना हाक मारली. सहा हात चढलेले, कुठं बुडबुडा नाही की ब्रशचा केस नाही. वहिनी पदराला हात पुसत आल्या, वाकल्या. खिडकीतून आत डोकावल्या, मग दारापाशी बोट नेऊन थांबल्या. तात्या माझ्याकडं बघायला लागले.

"दार का लावलंय?" वहिनी म्हणाल्या.

"म्हंजी?"

"आमचं दार कवा लागायचंच न्हाय. अण्णा फाटकावर उभं असायचं. शेवटची गाडी जाऊस्तवर आई दार उघडंच ठेवायची."

मी डोळे मिटले. म्हटलं, आता तात्या कोसळणार. तात्यांनी पातं उचललं आणि दाराच्या कडेनं सरळ कापत गेले. पिवळ्या रंगाचा टवका उडाला, गेरूचा पट्टा फाटला. त्यांनी तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. दार निघालं. कडेला डिंकाचा थेंब लावून त्यांनी ते उघडं टेकवलं आणि बोटानं धरून बसले.

वहिनींनी खुर्ची ओढली. "मला बघायला आला तवा तुमी बाहीर लिंबाखालीच बसला व्हता. आत जागाच न्हवती." करंगळी दारातून आत घालून त्या सांगायला लागल्या, "ही चूल. हितं अण्णांचा कंदील. आन् हितं, ह्या कोपऱ्यात, मी."

डिंक केव्हाच वाळला होता. तात्यांनी बोट काढलं नाही.