बन्सोडचा सिलॅबस

आमच्या कार्यालयाखालच्या पानठेल्याचा मालक मुन्ना याला बन्सोड 'डीएनएस' म्हणतो. तोंडावर म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुन्नाला ती शिवी वाटली आणि त्याने चुन्याची डबी बाजूला ठेवली. मग बन्सोडने समजावलं. इंटरनेटवर नाव सांगितलं की त्या नावाचा पत्ता काढून देणारी एक व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. गोंदियात कोणाचंही नाव मुन्नाला सांगा. घर कुठल्या गल्लीत आहे आणि माणूस या घडीला घरी आहे की नाही, दोन्ही कळतं.

मुन्ना म्हणाला, "तो फिर ठीक है."

अशोक बन्सोड आमच्या वृत्तपत्राच्या गोंदिया कार्यालयात कम्प्युटर सांभाळतो. तिरोडा तालुक्यातल्या खेड्यातला माणूस. १९९९ मध्ये तो नोकरीला लागला तेव्हा पानं टेलिफोनच्या तारेने नागपूरला जायची. पान जात असताना कोणी रिसीव्हर उचलला की पान मधेच तुटायचं. म्हणून बन्सोड तेवढा वेळ टेलिफोन टेबलाच्या खणात घालून कुलूप लावायचा. एकदा ब्यूरो चीफना घरी कळवायचं होतं की आज उशीर होईल. बन्सोडने किल्ली दिली नाही. उशीर किल्लीमुळेच झाला.

पुढे चौदा-पंधरा वर्षांनी मुख्य कार्यालयाने ठरवलं की सगळं काम क्लाउडवर न्यायचं, आणि प्रत्येक जिल्ह्यात ते सांभाळणारा माणूस परीक्षा पास झालेला हवा. नापास झाल्यास बन्सोडची रवानगी वितरण विभागात, अंकांचे गठ्ठे उतरवून घ्यायला होणार होती. संधी दोन. पुस्तक इंग्रजी, विटेएवढं जाड. बन्सोडचं वय एकोणपन्नास.

"व्याख्या राहत नाई जी डोक्यात," तो मला म्हणाला. "माणूस राहते."

त्यामुळे त्याने पुस्तकातली एकेक संज्ञा गावातल्या एकेका माणसाला वाटून टाकली. स्टेशनजवळच्या लॉजचा मॅनेजर डीएचसीपी, म्हणजे कम्प्युटरांना तात्पुरते नंबर वाटणारी व्यवस्था झाला, कारण तो आल्यागेल्याला ठरावीक मुदतीसाठी खोलीचा नंबर देतो आणि मुदत संपली की तोच नंबर दुसऱ्याला देतो. राईस मिलच्या फाटकावरचा चौकीदार फायरवॉल झाला. त्याच्याकडे नावांची यादी असते. यादीत आहे तो आत, बाकी सगळे बाहेर. बातमीसाठी गेलो असताना त्याने मलाही दोनदा परत पाठवलं होतं, त्यामुळे ही नेमणूक मला योग्य वाटली.

बँकेतला कॅशियर रहांगडाले हा बन्सोडबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसलेला. तरीही तो दरवेळी बन्सोडचं ओळखपत्र मागतो. त्याला 'झिरो ट्रस्ट' मिळालं: कितीही ओळखीचा असो, प्रत्येक वेळी तपासा.

"हे चांगलं हाय का वाईट?" रहांगडालेने काउंटरच्या जाळीतून विचारलं.

"मार्काले चांगलं," बन्सोड म्हणाला.

आमच्या ब्यूरो चीफकडे 'लेटन्सी' गेली. निरोप निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागणारा वेळ, असा तिचा अर्थ आहे. त्यांना सकाळी विनोद सांगितला तर ते जेवणाच्या सुट्टीत हसतात. त्यांना ही नेमणूक कळवण्यात आली नाही.

खुद्द क्लाउडबद्दल बन्सोडचं मत स्वच्छ होतं. "ढग-बिग काई नाई जी. आपलं धान दुसऱ्याच्या कोठीत ठेवाचं अन् लागलं तसं आणाचं. कोठी कुठं हाय ते विचाराचं नाई."

घरी मात्र अडचण आली. त्याची बायको शीला हिने एका सकाळी चहा देताना विचारलं, "साऱ्या गावाले काई ना काई देऊन राहिले. मी कोण?"

"तू अजून सिलॅबसमधी नाई आली," बन्सोड म्हणाला.

दोन दिवस त्याने कार्यालयात येऊन चहा घेतला. तिसऱ्या दिवशी शीलावहिनींना 'अपटाइम' देण्यात आला. यंत्रणा बंद न पडता सलग किती काळ चालली, त्याला अपटाइम म्हणतात. "बावीस वर्षं झाली, एक दिवस बंद नाई पडली," असं बन्सोडने त्यांना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पडून दाखवू का?"

परीक्षेच्या दिवशी बन्सोड सकाळच्या गाडीने नागपूरला गेला आणि संध्याकाळी नापास होऊन परत आला. निकाल तिथेच कम्प्युटरवर कळतो. विषयवार गुणांचा कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला. नेटवर्क उत्तम, सुरक्षा उत्तम, क्लाउड बरं. फक्त 'कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणाचा काढायचा' या भागात जवळपास काही नव्हतं.

"हे तर सगळ्यात सोपं," मी म्हणालो.

"सोपंच हाय. विचारते का, कर्मचारी निवृत्त झाला, त्याच्या खात्याचं काय करान? चार-पाच प्रश्न तसेच, फिरवून फिरवून."

"मग? त्याच दिवशी बंद करायचं."

"माहीत हाय जी."

"मग लिहिलं का नाही?"

"आपण करतो का तसं? मी तं करत नाई. जे करतच नाई ते कायले लिवाचं?"

परीक्षा मशीन तपासतं, त्याला तुझा स्वभाव कळत नाही, असं मी त्याला सांगितलं. पुढचा महिनाभर कार्यालयात सगळ्यांनी हेच सांगितलं. मुन्नाने पान लावता लावता सांगितलं. रहांगडालेने ओळखपत्र परत देताना सांगितलं. शीलावहिनींनी एवढंच सांगितलं की अंकांचे गठ्ठे उतरवायला पहाटे जावं लागतं आणि त्या वेळी चहा मिळणार नाही.

दुसऱ्या खेपेला बन्सोडने पुस्तकात होतं तसं उत्तर दिलं आणि पास झाला. सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. ब्यूरो चीफनी अभिनंदन केलं, दुसऱ्या दिवशी.

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाची पहिली सूचना आली: बातम्या पाठवण्याच्या यंत्रणेत सोडून गेलेल्या लोकांची खाती अजून उघडी दिसतात, ती बंद करून कळवा. यादीत अकरा नावं होती. बन्सोडने दहा बंद केली आणि अकराव्यावर थांबला. जेवणाची वेळ झाली तरी तो उठला नाही, म्हणून मी मागे जाऊन पडद्यावर पाहिलं.

मडावी गुरुजी, दरेकसा.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं दरेकशाहून आम्हाला बातम्या पाठवत. तीन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने त्यांना आभाराचं पत्र दिलं आणि तो भाग सालेकशाच्या नव्या वार्ताहराकडे सोपवला. मी समजत होतो की तिथे विषय संपला. पडद्यावर मात्र तीन वर्षांच्या बातम्या होत्या, सुट्टीचे दिवस धरून. हातपंप दुरुस्त झाला. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली. बिबट्या दिसला, बिबट्या नव्हता. प्रत्येक बातमीखाली त्याच दिवशीचं एक उत्तर होतं: 'मिळाली.'

"हे 'मिळाली' कोण पाठवतं?" मी विचारलं.

बन्सोडने खातं बंद केलं, बंद झाल्याची खात्री केली, नागपूरला 'अकरा' असं कळवलं आणि मला म्हणाला, "उद्या रविवार हाय. दरेकसाले येता का?"

दरेकशाला मोबाइलची रेंज फक्त स्टेशनच्या फलाटावर, एका टोकाच्या बाकाजवळ येते. गुरुजी तिथेच बसलेले होते. मागे डोंगर, पुढे रूळ, हातात फोन. घरी कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. रोज दुपारी ते इथे येतात, एका बोटाने बातमी लिहितात, उत्तर येईपर्यंत थांबतात आणि घरी जातात. त्यांनी टपरीवरून आमच्यासाठी चहा मागवला.

"गुरुजी, नवीन सिस्टीम आली," बन्सोड म्हणाला. "तुमचं जुनं खातं चालत नाई आता. नवीन लावून देतो."

"म्हणून कालपासून जाऊन नाई राहिली बातमी. मले वाटलं, फोनच गेला."

बन्सोडने फोन घेतला आणि अर्धा तास खपून एक साधं मेलचं खातं उघडून दिलं. बातम्या जातील तो पत्ता त्याने स्वतःचा घातला, घरच्या मेलचा. आमच्या कार्यालयाचा आणि या खात्याचा काहीही संबंध नव्हता. सुरक्षेच्या दृष्टीने व्यवस्था निर्दोष होती.

"बातम्या लागत नाईत जी अलीकडे," गुरुजी म्हणाले.

"जागा नाई राहत, गुरुजी. जाहिराती असते."

"माहीत हाय. तीन साल झाले जागा नाई." गुरुजींनी चहा संपवला. "एक सांगा. ते 'मिळाली' म्हणून येते, ते मशीन धाडते का माणूस?"

आपोआप उत्तर पाठवण्याच्या सोयीला पुस्तकात एक नाव आहे. बन्सोडला ते नाव, त्याचे प्रकार आणि ते सुरू करण्याच्या पायऱ्या पाठ होत्या.

"काऊन जी?" त्याने विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात तापानं पडलो होतो. दोन दिवस नाई आलो. तिसऱ्या दिवशी आलो तं फोनवर होतं, 'दोन दिवस बातमी नाही, तब्येत बरी आहे का?' मशीन असं विचारते का?"

"नाई विचारत, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली. फोन परत घेतला, चष्मा पुसला आणि नवं खातं चालतं का ते पाहण्यासाठी लिहायला लागले. बराच वेळ लागला. आम्ही दोघं रुळांकडे पाहत बसलो.

मग बन्सोडच्या खिशातला फोन वाजला.

गुरुजींनी तिकडे पाहिलं नाही. बन्सोडने फोन काढला. मी शेजारीच होतो, त्यामुळे मलाही दिसलं: 'दरेकसा, वार्ताहराकडून. येथे आज गोंदियाहून दोन जण आले. चहा घेतला. गाडीला वेळ असल्याने बसून आहेत.'

बन्सोडने बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाठ करून, एकेक अक्षर दाबत, त्याने उत्तर लिहिलं.

मिळाली.