नानांच्या पाठीवरचं चित्र

"मूत्रसंस्था? अर्ध्या तासात घोटून पिते!" रविवारी सकाळी सुवर्णाने जाहीर केलं.

"बाकी काहीही घोटून पी, बाई," नाना मिशीतल्या मिशीत हसले.

म्हसरूळच्या त्या घरात बापलेक दोघंच. नाना, म्हणजे हिरामण, पिंपळगावच्या द्राक्षबागांना ठिबक जोडून द्यायचे. सुवर्णा बत्तिसाव्या वर्षी मेडिकल कोडिंग शिकत होती. दवाखान्याच्या कागदावरचा आजार कोणता, कुठल्या अवयवाचा, कुठल्या बाजूचा, ते वाचायचं आणि त्याचा ठरलेला कोड लिहायचा. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि वहीतलं चित्र काही डोक्यात बसत नव्हतं.

"नाना, बनियन काढा. पाठीवर काढते."

"काढ. भिंतीपेक्षा माझी पाठ बरी, पोपडे कमी आहेत!"

पेन चालेना, म्हणून तिने नानांच्याच पिशवीतला पाइपवर खुणा करायचा मार्कर उचलला. पुढ्यात तक्ता ठेवून ती मोठ्याने म्हणत लिहू लागली. "ही डावी किडनी, जरा वर. ही उजवी, जरा खाली. ह्या दोन मूत्रवाहिन्या..."

"म्हणजे फिल्टर आणि पाइप. पण सुवर्णे, तू डावी म्हणतेस आणि मार्कर माझ्या उजव्या बगलेखाली टोचतोय."

"तक्त्यात तसंच आहे."

"तक्त्यातला माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे. मी पाठ करून बसलोय! बाजू दुखणेकऱ्याची धरायची की बघणाऱ्याची?"

"नाना, तुम्ही पाइप जोडा हो!" ती फटकन बोलली. मूत्रवाहिन्या पायजम्याच्या नाडीशी येऊन थांबल्या होत्या. पुढची टाकी आणि व्हॉल्व्ह वहीतच काढ, असं म्हणून नाना उठले.

मग कळलं की तो मार्कर ऊन-पावसालाही दाद देत नाही. साबण झाला, रॉकेल झालं, खोबरेल झालं. किडन्या उलट जास्तच चकाकायला लागल्या!

दुपारी शेजारच्या मोहिनीताईंची टाकी गळायला लागली. नाना शिडीवर चढले, भिजले आणि त्यांनी बनियन काढली. खाली मोहिनीताईंनी पाठ वाचली आणि हातातली बादली सोडली.

"अगं बाई! ऑपरेशनच्या खुणा! आणि भाऊ एका शब्दाने बोलले नाहीत!"

संध्याकाळपर्यंत गल्ली लोटली. कुणी कुळथाचं कढण आणलं, कुणी शहाळी, कुणी पानफुटीची अख्खी कुंडी. देवळ्याहून कुसाबाई आत्याचा फोन आला, तो रडतच. "हिरामण, माझी एक घे रे! पण डावीच घे. मी उजव्या कुशीवर निजते, तिकडची नाय द्यायची!"

"नाना, सांगा ना सगळ्यांना खरं!" सुवर्णा कुजबुजली.

"सांगतो की. शहाळं संपू दे!"

लोक गेल्यावर नाना म्हणाले, "चुकीचं चित्र घेऊन गल्लीभर मिरवलो आज. निदान नावं तरी बदल."

चूक तिला केव्हाच कळली होती. कबूल कोण करणार?

"उद्या बघू," ती म्हणाली.

सोमवारी अकराच्या सुमाराला, पिंपळगावच्या एका बागेत व्हॉल्व्ह फिरवता फिरवता नाना खाली बसले. पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. गल्लीने सांगितलं, किडनी. गल्लीकडे पुरावा होता!

अंघोळ घालताना चुलतभाऊ ललित मध्येच उठून आत आला. "ताई, ऑपरेशन होतं तर आमच्यापासून लपवलंत का?"

"ऑपरेशन नव्हतं. माझा अभ्यास आहे तो."

"पुसायचा प्रयत्न केला," तो म्हणाला. "निघत नाही."

"राहू दे."

तिला मार्कर घेऊन बाहेर जायचं होतं. दोनच शब्द बदलायचे होते. पण अंगणात पन्नास माणसं बसली होती, आत्याने तिला घट्ट धरून ठेवलं होतं, आणि असं कुणी करतं का? नाना चुकीचंच चित्र घेऊन गेले.

तीन आठवड्यांनी ती परीक्षेला बसली. एकाहत्तराव्या प्रश्नात किडन्यांचं चित्र होतं. पाठीकडून काढलेलं! बाण उजव्या हाताच्या, जरा खालच्या किडनीवर होता. बाजू कोणती?

तिने 'उजवी' निवडलं. ओठ हलले असावेत.

"मॅडम, बोलायचं नाही!" पर्यवेक्षिका धावत आल्या. "पुन्हा बोललात तर पेपर बंद करीन."

सुवर्णाने तोंड मिटलं. उरलेले एकोणतीस प्रश्न सोडवले. 'सबमिट' दाबलं. पडदा पांढरा झाल्यावर ती भरल्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"नाना, तुमचं बरोबर होतं. मीच उलटं काढलं होतं."